माल सेको

केळव्याच्या वाड्यांमध्ये काही गोष्टी कुणी कुणाला शिकवत नाही, त्या आपोआप कळतात. त्यातली एक तांबड्या फडक्याची. वेलीवरचं एखादं फळ बियाण्यासाठी राखून ठेवायचं असलं की त्याच्या देठाला तांबडं फडकं बांधतात. मग तो दुधी असो, पडवळ असो की पपई, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या वाडीतले नारळ बिनदिक्कत उतरवून नेणारेसुद्धा फडक्याच्या फळाला शिवत नाहीत. फडकं म्हणजे सगळ्यांत चांगलं, पुढचं सगळं ज्याच्यापासून होणार ते.

हेमांगीला हे बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे इटलीतल्या त्या बेटावर तिच्या वडलांनी जे केलं ते का केलं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथे तिने फक्त नीट ऐकायचं होतं. तेवढंच तिने केलं नाही.

तिचे वडील नरहरी यांचं पालघरला माहीम रस्त्यावर खतं-बियाण्यांचं दुकान आहे आणि केळव्याला पानवेलींची, लिंबा-नारळाची वाडी. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या बुरशीनाशकाचा सगळ्यांत जास्त खप त्यांच्या दुकानात झाला आणि बक्षीस म्हणून दोघांची परदेशवारी लागली. नेपल्सहून निघायचं, आठ दिवस लहान बोटीने बेटं आणि किनाऱ्यावरची गावं बघत हिंडायचं, परत यायचं.

"मी नाय येणार," हेमांगीची आई, आनंदी म्हणाली. "समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला? पाठच्या दारानं दिसतो. हेमाला न्या. तिला इंग्लिश येतं."

हेमांगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती काम करते. तिथे पहिल्या दिवशी तिला एक नियम सांगितला गेला होता: जे स्वतः पाहिलं तेच लिहायचं, जे पाहिलं नाही ते कधीही लिहायचं नाही, आणि लिहिलं की खाली सही करायची. हा नियम तिला इतका आवडला होता की घरी आईने "दूध उतू गेलं का ग?" असं विचारलं तरी ती उठून बघून यायची आणि मगच उत्तर द्यायची. आई हसायची.

बोट खरोखरच लहान होती. अडतीस प्रवासी. त्यातले बारा कंपनीच्या दुकानदारांच्या गटातले, बाकी जर्मन आणि ऑस्ट्रेलियन जोडपी, बहुतेक निवृत्त झालेली, हळू बोलणारी, जेवताना काटा-सुरीचा आवाज न करणारी.

नरहरींच्या डोक्यावर कंपनीची हिरवी टोपी होती. तिच्यावर उताणी पडलेली एक अळी छापलेली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पिशवीतून सुक्या जवळ्याच्या चटणीची बाटली काढली, पुढ्यातल्या माशावर भुरभुरवली आणि वाढायला आलेल्या पोरगेल्या, हसऱ्या वेटरच्या तळहातावरही थोडी ठेवली. त्याने ती चाटली आणि डोळे मोठे केले. "आवडली रे त्याला!" नरहरी एवढ्या जोरात म्हणाले की पलीकडच्या दोन टेबलांवरची माणसं वळली. वास सगळीकडे पसरला. हेमांगी ताटातल्या मटारांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रोचिदा बेटावर उतरल्या उतरल्या त्यांनी रस्त्याकडेची माती चिमटीत घेतली, चोळली, वास घेतला आणि जिभेला लावली. "राख हाय हिच्यात. जुनी. ज्वालामुखीची." हे बरोबर होतं. पण ते बरोबर आहे हे फक्त हेमांगीला कळत होतं. बाकीच्यांना माती खाणारा एक माणूस दिसत होता.

तेव्हापासून ती दहाएक पावलं मागे चालू लागली. फोटो काढायच्या निमित्ताने.

तिसऱ्या दिवशी सकाळी डेकवर तिची एका जर्मन बाईंशी ओळख झाली. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. शेवाळाबद्दल, समुद्रात रात्री चमकणाऱ्या जिवाणूंबद्दल दोघी चांगल्या अर्धा तास बोलल्या. हेमांगीला फार बरं वाटत होतं. मग त्या बाईंनी पुढच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे नरहरी गुडघ्यावर बसून दोरखंडाची गाठ कशी मारलीय ते बघत होते, आणि खलाशाला आपली दातिवऱ्याच्या मासेमारांची गाठ मारून दाखवत होते.

"ते हिरव्या टोपीवाले तुमचे वडील का?" बाईंनी साधेपणाने विचारलं.

"आमच्या गटातले आहेत," हेमांगी म्हणाली.

वाक्य खोटं नव्हतं. ते गटातले होतेच. पण अशा वाक्याखाली तिने प्रयोगशाळेत कधी सही केली नसती.

त्याच दुपारी बोट एका छोट्या बेटाला लागली. चढणीवर पायऱ्या-पायऱ्यांची लिंबाची बाग होती. लाकडी खांबांचा मांडव, वर काळी जाळी, आणि खाली लोंबणारी लिंबं, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढी. नरहरी आत शिरले आणि गप्प झाले. पहिल्यांदाच. टोपी काढून त्यांनी हातात धरली.

बागेची मालकीण पंचाहत्तरीची, गमबूट घातलेली, करवंदासारख्या काळ्या डोळ्यांची. ती इटालियनमध्ये सांगायची आणि बरोबर आलेली तरुण गाइड त्याचं इंग्रजी करायची. पाच-सहा झाडांच्या खोडांना तांबड्या फिती बांधल्या होत्या. म्हातारी त्यांच्याजवळ थांबली, एका झाडावर हात ठेवला आणि बराच वेळ काहीतरी बोलली. त्यात दोनदा एकच शब्द आला.

हेमांगी त्या वेळी वरच्या पायरीवर जर्मन बाईंच्या शेजारी उभी होती. फोन उंच धरून लिंबांचा व्हिडिओ काढत होती. खालून हाक आली.

"हेमा! त्या तांबड्या फितीचं काय म्हनते ग ती? माल म्हनली ना? माल?"

नरहरींच्या दुकानात दिवसातून पन्नास वेळा हा शब्द ऐकू येतो. माल आला, माल संपला, एक नंबर माल. अख्खी बाग वळून बघत होती. जर्मन बाईही वळल्या, आधी टोपीवाल्याकडे, मग हेमांगीकडे.

"हो, हो, माल," ती मान न वळवता म्हणाली. "बियाण्याचं असेल."

"वाटलंच मला!" खालून आनंदाने आवाज आला.

संध्याकाळी ती वडलांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा न्हाणीघरातल्या कट्ट्यावर एक मोठा बटाटा होता. त्यात लिंबाच्या पाच काड्या खोचलेल्या. पानं छाटून टाकलेली, कोंबांचे डोळे शाबूत. बटाट्यात काडी ओली राहते, ही वाडीवाल्यांची जुनी रीत. बटाटा त्यांनी स्वयंपाकघरातून खुणा करून मागून आणला होता. काड्या मात्र मागितल्या नव्हत्या. न विचारता आणलेलं झाड चांगलं लागतं असं केळव्यात सगळेच मानतात, आणि चोरी म्हणत नाहीत.

"बाबा, हे बेकायदा आहे. परदेशातून असं झाड आणता येत नाही."

"झाड कुठं? काड्या हायेत. नखकात्रीनं कापल्या, नमस्कार करून."

तिने आणखी जोर लावायला हवा होता. परवाना का लागतो, कशासाठी ते नियम केलेत, हे तिला नीट ठाऊक होतं. पण जर्मन बाईंनी तिला जेवायला आपल्या टेबलावर बोलावलं होतं, उशीर होत होता.

"विमानतळावर पकडलं ना, तर मी तुम्हाला ओळखत नाही," ती म्हणाली.

नरहरी बटाट्याभोवती ओलं फडकं गुंडाळत होते. हसून म्हणाले, "तू तर बोटीवर चढल्यापासनंच ओळखत नायस."

ती दारात क्षणभर थांबली. वडील अजून हसतच होते, त्यामुळे तीही हसली, आणि जेवायला गेली.

विमानतळावर कुणी काही विचारलं नाही.

केळव्याला आल्यावर नरहरींनी जंभेरीच्या रोपांवर डोळे भरले. म्हणजे काडीवरचा एकेक कोंब सालीसकट काढून गावठी लिंबाच्या खोडात बसवला आणि पट्टीने बांधला. एकतीस डोळे भरले, अकरा लागले. वर्षभर त्यांनी ती रोपं पोरांसारखी सांभाळली. वाडीत येईल त्याला दाखवली. "मालकिणीनं फीत बांधलेलं झाड. म्हातारी सोता म्हनली, माल! आमची हेमा साक्षीला होती." दर वेळी ते हेमांगीकडे बघायचे आणि ती मान डोलवायची.

जातीला त्यांनी बायकोचं नाव दिलं. ‘आनंदी’.

"आधीच माझ्या बोलण्याला आंबट म्हनता," आई म्हणाली. "आता पाटीवरच लिहा."

जूनमध्ये तीन रोपं दिली गेली. एक शेजारच्या वत्सलाकाकूंना, एक बोटीवर बरोबर असलेल्या बोईसरच्या धर्मेशभाईंना, त्यांच्या बेटेगावच्या शेतासाठी. आणि एक दातिवऱ्याच्या शैलेशला, ज्याच्या ट्रॉलरवर नरहरी गाठी शिकले होते. उरलेली आठ दसऱ्याआधीच्या रविवारी दुकानात छोटा कार्यक्रम करून निवडक बागायतदारांना द्यायची असं ठरलं. शुक्रवारी नरहरी म्हणाले, "हेमा, तिथला तू काढलेला पिक्चर दुकानाच्या टीव्हीवर लावू. लोकांना आईझाड दिसू दे."

शनिवारी तिला सुट्टी होती. दुपारी ओटीवर बसून तिने तो व्हिडिओ शोधला. काढल्यापासून एकदाही पूर्ण पाहिला नव्हता. कानात हेडफोन घातले, कुठून कुठपर्यंत कापायचा ते ठरवायला.

लिंबं. जाळी. वारा. आणि वाऱ्यामागून गाइडचा स्वच्छ, सावकाश इंग्रजी आवाज: ज्यांना तांबडी फीत आहे त्या झाडांना माल सेको झालाय. बुरशी आहे. आतून लाकूड वाळत जातं. पुढच्या महिन्यात ही झाडं मुळासकट काढून जाळणार आहेत. हे झाड माझ्या आजोबांनी लावलं होतं, असं या म्हणतायत. कृपा करून यांना हात लावू नका.

मग नरहरींचा आवाज, लांबून. मग तिचा स्वतःचा, अगदी जवळून. "हो, हो, माल. बियाण्याचं असेल."

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पहिल्यांदा तिला ‘असेल’ हा शब्द टोचला होता. दुसऱ्यांदा आणखी एक गोष्ट लक्षात आली. ती एरवी वडलांशी एक वाक्य ‘बाबा’ म्हटल्याशिवाय बोलत नाही. या वाक्यात ‘बाबा’ नव्हतं. शेजारी जर्मन बाई उभ्या होत्या म्हणून.

ती वाडीत गेली. आठही रोपं ओळीने मांडलेली, सातांना पुठ्ठ्याची चिठ्ठी लावलेली, आठव्याची अजून यायची. तिने एकेक रोप शेंड्यापासून बुडापर्यंत पाहिलं. सात हिरवीगार. सहाव्या रोपाची एक फांदी शेंड्याकडून वाळत आलेली. त्या फांदीवरची पानं गळली होती, पण देठ फांदीला तसेच चिकटून राहिले होते. तिने चाकूच्या पात्याने साल खरवडली. आतलं लाकूड पांढरं असायला हवं होतं. ते फिकट नारिंगी-गुलाबी होतं, सुकवलेल्या जवळ्याच्या रंगाचं.

तिने फोनवर वाचलं. सगळं जुळत होतं. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, हे तिला माहीत होतं. नमुना तपासायला हवा होता, आणि तो तिच्या कारखान्यात नेणं अशक्य. औषधांच्या प्रयोगशाळेत बाहेरची बुरशी नेणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर राहत नाही.

आणखीही एक गोष्ट तिने वाचली. तिशीच्या वर पारा गेला की ही बुरशी वाढत नाही. ती त्या ओळीपाशी बराच वेळ थांबली. ऑक्टोबरचा उकाडा होता, पाठीला ओढणी चिकटली होती. या हवेत बुरशी कदाचित मरूनही गेली असेल. वाळलेलं रोप गुपचूप उपटून टाकायचं. ‘बाबा, एक मेलं’ एवढंच सांगायचं. व्हिडिओचा आवाज बंद करून वर सनईची धून लावायची. परदेशी झाड विनापरवाना आणल्याचं कळलं तर दुकानाचा परवाना जाईल, हेही होतंच. वडलांसाठी गप्प राहतेय असं स्वतःला सांगता आलं असतं.

पण केळव्याला उकाडा बारा महिने नसतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं, पानवेलींवर गोणपाट लागतात, आणि त्या बुरशीला नेमका तेवढाच गारवा लागतो. शिवाय तिला हवं होतं म्हणून ती ओळ तिला पटली होती. अशा पटण्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

ती ओटीवर परत आली तेव्हा नरहरी आठवी चिठ्ठी लिहीत होते. आई वाल सोलत बसली होती. हेमांगीने फोन मध्ये ठेवला आणि आवाज मोठा केला. मग गाइडचं प्रत्येक वाक्य मराठीत सांगितलं.

"परत लाव," नरहरी म्हणाले.

तिने लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तू तितं जवळच हुतीस."

"हो."

"मंग ऐकलं नाय?"

"लक्ष नव्हतं."

"मी इचारलं तुला."

"हो."

"मला इंग्लिश येत नाय म्हनून इचारलं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. आईचे वाल सोलणारे हात थांबले होते. "कुटं हुतं लक्ष?"

"त्या जर्मन बाईंकडे," हेमांगी म्हणाली. "तुम्ही हाक मारलीत, सगळे बघायला लागले. मला वाटलं, पटकन काहीतरी बोलावं म्हणजे तुम्ही गप्प बसाल."

नरहरींनी टोपण काढलं, पुन्हा लावलं. आई हळूच म्हणाली, "हेमे, ग." बस, एवढंच.

"उद्या मी बोलतो," नरहरी म्हणाले. "लोकं जमतील ती जमू देत, रद्द नाय करायचं. तू गप बस. ह्यात पोरीचं नाव नको."

रविवारी दुकानापुढे मांडव घातला होता. वीस-बावीस बागायतदार, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा. टीव्ही टेबलावर ठेवलेला. रोपं मात्र नव्हती. धर्मेशभाई लवकर आले होते, प्रत्येकाला फोनवर आपल्या बेटेगावच्या रोपाचा फोटो दाखवत होते.

नरहरी उभे राहिले. हिरवी टोपी घातली नव्हती. "मंडळी, ते लिंबू द्यायचं नाय. ते आजारी झाडाचं हाय. बाई म्हनली माल सेको, म्हंजे आजार. मी समजलो, माल. इंग्लिश मला येत नाय, चूक माझी. काड्या मी चोरून आनल्या, ती बी चूक माझी. हेमा तवा बोटीवरच हुती. तिला बरं नव्हतं त्या दिवशी."

हेमांगी मांडवाच्या खांबाजवळ चहाचा कप घेऊन उभी होती. तिला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं तिला स्पष्ट कळलं, आणि कळल्याबरोबर कानशिलं तापली.

"अरे नरहरीभाई," धर्मेशभाई म्हणाले, "बेन तो साथ में थी! बागेत मीच तर फोटो काढला तिचा. वरच्या पायरीवर. दाखवू?"

"नाय नाय, तो दुसरा दिवस—"

"दूसरा कैसे? हे बघा ना, मागे लिंबू आहेत."

नरहरींनी ओठांवरून जीभ फिरवली. चाळीस वर्षांत या दुकानात त्यांना कुणी खोटं बोलताना पकडलं नव्हतं, आणि आता ते वीस माणसांसमोर दुसरं खोटं शोधत होते.

"धर्मेशभाई बरोबर सांगतायत," हेमांगी म्हणाली. कप कुठे ठेवावा तिला कळेना, तो तिने जमिनीवर ठेवला. "मी तिथेच होते. बाबांनी मला विचारलं होतं. मी न ऐकता उत्तर दिलं."

कुणीतरी हसलं. "एमेस्सी ना ग तू?"

"तिच्यापेक्षा बाप बरा. निदान इचारतो तरी!" मागून एक म्हातारा म्हणाला, आणि बऱ्याच खुर्च्या हसल्या.

"नरहरी, परवाना जाईल बघ तुझा."

वत्सलाकाकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हाताची घडी घातली. "माझं झाड टवटवीत हाय. मी नाय देत. काय ती बाई म्हनली, हिनं काय ऐकलं, आता परत हीच सांगते. काल माल, आज आजार. आमी कशावर इस्वास ठेवायचा?"

हा प्रश्न रास्त होता. हेमांगीने केबल फोनला जोडली आणि टीव्हीवर व्हिडिओ लावला. कापलेला नाही, पूर्ण.

लिंबं. जाळी. वारा. गाइडचं बोलणं ती मराठीत सांगत गेली. मग नरहरींची लांबून हाक आली, आणि मग दुकानाच्या मोठ्या स्पीकरमधून तिचा आवाज, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढा: "हो, हो, माल. बियाण्याचं असेल."

त्या आवाजात एक सूर होता. घाईचा म्हणा, झटकून टाकण्याचा म्हणा. भाषांतराची गरज नव्हती. मांडवातल्या बहुतेकांना मुलं होती, शिकलेली, बोईसर-मुंबईला नोकरीला असलेली. कुणी हसलं नाही. काही जणांनी नरहरींकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ते हेमांगीला हसण्यापेक्षा जड गेलं.

वत्सलाकाकू उठल्या. "चल," त्या म्हणाल्या. "काढ माझं झाड."

दुपारी वाडीतली आठ रोपं मातीच्या पिशव्यांसकट खड्ड्यात जाळली. वाळलेल्या फांदीचा एक तुकडा हेमांगीने दुहेरी पिशवीत बंद करून ठेवला आणि तालुका कृषी कार्यालयासाठी अर्ज लिहिला: काय आणलं, कसं आणलं, काय दिसलं, काय अजून सिद्ध झालेलं नाही. अर्जावर वडलांनी सही केली. खाली तिनेही केली. नमुना आणि अर्ज सोमवारी द्यायचा होता.

मग दुकानाच्या पिकअपमध्ये पहार, कुदळ, गोणी आणि अवजारं पुसायला स्पिरिटची बाटली टाकून दोघं निघाली. वत्सलाकाकूंचं झाड काढलं. उमरोळीवरून बेटेगावला गेली. धर्मेशभाईंनी स्वतः खणलं, वर ताक पाजलं. पालघरचा पूल ओलांडताना नरहरी म्हणाले, "ती म्हातारी. तिच्या आज्यानं लावलेलं झाड."

दातिवऱ्याला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. शैलेश समुद्रावर गेलेला. घरी त्याची आई, इंदुबाई, वाळवणीवरून बोंबील काढत होती. रोप विहिरीजवळ लावलं होतं, मासळीचं पाणी मिळून इतर सगळ्यांपेक्षा जास्त वाढलेलं. त्याला एकच लिंबू लागलं होतं, अजून हिरवं. लिंबाच्या देठाला तांबडं फडकं होतं.

नरहरी दोन पावलं अलीकडेच थांबले.

"पयलं फळ हाय," इंदुबाई कौतुकाने म्हणाली. "बियान्याला ठेवलंय. आख्ख्या गावाला देनार. शैलेशला बी हात लावू देत नाय." मग तिचं लक्ष कुदळीकडे गेलं, मग हेमांगीकडे. "ही कोन? सरकारी हाय काय?"

नरहरी फडक्याकडे बघत होते. त्यांना प्रश्न ऐकूच आला नव्हता की तिनेच सांगावं म्हणून ते मुद्दाम थांबले होते, हे हेमांगीला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही तिने विचारलं नाही.

"मी यांची मुलगी," ती म्हणाली. "आजी, हे झाड आजारी असण्याची शक्यता आहे. काढावं लागेल. फळासकट."

"यो बोलला हुता, लय भारी माल हाय म्हनून."

"त्यांना मीच तसं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, आणि मला त्यांची लाज वाटत होती म्हणून मी काहीतरी सांगून टाकलं."

इंदुबाईने हातातले बोंबील टोपलीत ठेवले. हेमांगीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग नरहरींना, त्यांच्या मातीने भरलेल्या धोतरापर्यंत. "ह्याची?" ती म्हणाली. "ह्याची लाज?"

"हो."

"आनि आता?"

इंदुबाई उत्तराला थांबली नाही. तिने टोपली उचलली. "फडकं मी नाय सोडनार. मी बांधलंय. तूच सोड."

हेमांगी झाडापाशी बसली. गाठ मासेमारांची होती, ओढली की आणखी घट्ट होणारी. दोनदा तिने नखांनी प्रयत्न केला.

"बाबा," ती म्हणाली, "ही गाठ कशी सुटते?"

नरहरी येऊन शेजारी बसले. त्यांनी हात लावला नाही, नुसतं बोटाने दाखवलं: आधी मागचा पदर सैल करायचा, मग पुढचा. तिने तसं केलं. फडकं सुटलं. ते तिने गोणीत टाकलं, लिंबू त्यावर टाकलं, आणि कुदळ हातात घेतली.